चर नऊ, काही नाही

१३ ऑक्टोबर, सोमवार

पाऊस. फाटक उघडेना — साखळी गंजून एकजीव झालेली. डेस म्हणाला, "पोरी, बकेटनं उचलून बाजूला ठेवू का?" नको म्हटलं. दोन मेंढ्या उभ्या राहून आमची फजिती बघत होत्या.

जोडीदार इयानची पाठ धरली आहे, म्हणजे इथे मी एकटीच. मी, डेस आणि डेसचं पोकलेन. शेतभर चौदा चर घ्यायचे. शेत म्हणजे आता नुसतं गवत, पण गवताखाली सातशे वर्षांपूर्वीचे सरी-वरंबे अजून शाबूत आहेत. तिरपं ऊन पडलं की सगळं रान जाड कॉरड्युरॉयच्या विजारीसारखं दिसतं म्हणे. आज ऊन नव्हतं.

काम नेहमीचंच. नवी घरं उभी राहायच्या आधी बघायचं, खाली जुनं काही आहे का. वरची माती काढायची, मूळ जमीन लागली की थांबायचं, थापीनं साफ करायचं, फोटो काढायचा आणि लिहायचं — काही नाही. पुढचा चर. मूळ जमीन म्हणजे माणसाचा हात न लागलेली. इथे ती पिवळी चिकणमाती, मधेमधे निळसर डाग. लेस्टरशायर जिल्हाभर हीच. बुटाला लागली की सुटत नाही. मला तिचा कंटाळा आलाय. असं लिहू नये, पण आलाय.

चर एक, चर दोन: काही नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काल लिहायचं राहिलं — फाटकासमोरच्या बुटक्या घरातली बाई. बेरिल टेबट. सत्तरीची असेल. छत्री घेऊन आली आणि पहिलंच वाक्य: "झुडपामागं बसायला जाऊ नकोस हं, अख्खं गाव दुर्बीण लावून बसलंय. माझ्याकडे ये." तेव्हापासून संडास तिचा. आज किटलीही तिचीच. आमच्या गाडीतल्या गॅसवर गळकी किटली ठेवताना तिनं पाहिलं, आत गेली आणि आपली घेऊन आली. "ही घ्या. शिट्टी वाजत नाही, पण गळत नाही."

तिच्या खिडकीत फलक आहे: आमचं शेत वाचवा. इथे प्रत्येक खिडकीत आहे.

दुपारी मिस्टर ऑलिफंट. शेत बचाव समितीचे अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य, महागाचे गमबूट. चराच्या काठावरून असे वाकून आत बघत होते, की मीच आ वासून पडलेय असं वाटलं.

"काही सापडलं?"

"सरी-वरंबे."

"ते आम्हालाही दिसतात हो! सांगाडा वगैरे?"

"नाही."

"खणा, खणा. आमची सगळी भिस्त तुमच्यावर."

मी कोणाच्याच बाजूची नाही, असं म्हटलं. हे वाक्य इतक्या शेतांवर इतक्या लोकांना सांगून झालंय, की आता ते तिकिटासारखं बाहेर पडतं. खरं आहे का, हे मी शेवटचं कधी तपासलं?

चर तीन, चार, पाच: काही नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी पाणी भरायला गेले तर बेरिलनं विचारलं, "काही सापडलं नाही ना?" मी समजूत घालत म्हटलं, अजून बरेच चर आहेत, धीर सोडू नका. ती बघतच राहिली. मग तिनं दार लावून घेतलं.

"धीर? अगं बाई, मला ती घरं हवी आहेत!"

कुजबुजली. स्वतःच्याच स्वयंपाकघरात!

मग सगळं सांगितलं. मुलगी लिआन, दोन लेकरं. नवरा सोडून गेला, घरमालकानं घर विकलं. तेव्हापासून पालिकेनं शहरातल्या एका जुन्या हॉटेलात खोली दिली आहे — एक खोली, तिघं. लिआन गोदामात रात्रपाळी करते, मुलांना शेजारच्या खोलीतल्या बाईवर सोडून. इथे आणायचं तर जागा कुठे? वर एक खोली, खाली बेरिलच्या नवऱ्याचा, रॉनचा पलंग. रॉनची फुप्फुसं गेलीत, उशाशी यंत्र घरघरत असतं. नव्या वस्तीत नऊ घरं कमी भाड्याची आहेत, इथल्या लोकांसाठी राखीव. लिआन इथली. तिचं नाव पहिल्या पाचांत आहे.

"समोर राहिली तर मुलं मी सांभाळेन. रॉनला उचलायला तीही येईल. मला एकटीला आता होत नाही गं."

"मग खिडकीतला तो फलक?"

"समितीवाल्यांनी येऊन चिकटवला. काढला तर सगळे विचारतील, का काढलास."

आराखडा गाडीच्या काचेपाशीच पडलेला असतो. परत जाऊन पाहिला. कमी भाड्याची घरं कुठे काढली आहेत ते मला दिसलंच होतं, फक्त कोणासाठी ते माहीत नव्हतं. खालच्या ओल्या कोपऱ्यात, बेरिलच्या दारासमोर. स्वस्त घरं ओल्या कोपऱ्यातच काढतात. तिथे माझा चर नऊ आणि चर दहा.

हे कळायला नको होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सहा, सात, आठ: काही नाही. गुडघे दुखतायत. डेसनं घरून मांस भरलेली पेस्ट्री आणली, अर्धी मला दिली. "खा गं, तुझ्याकडे बघून मला भूक लागत नाही." हे त्याचं प्रेम!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर पाऊस, आडवा. चर नऊ आणि दहा. हा कोपरा म्हणजे सऱ्यांचं टोक, नांगर वळवायची जागा. आठ बैलांची जोडणी, जागच्या जागी वळायची नाही, म्हणून सऱ्यासुद्धा टोकाला वाकलेल्या आहेत. वळताना फाळाची माती इथे झटकायचे. शतकानुशतकं झटकून उंचवटा झालाय, म्हणून इथे वरची माती जास्त खोल. ती काढली, खाली पिवळी चिकणमाती लागली. छान सपाट, स्वच्छ. थांबा म्हटलं, डेस थांबला.

थापी मारत होते, तेवढ्यात बेरिलची हाक — "बन गरम आहेत, निवतील!" गेले. मनुकांचे बन, वर लोणी. पलीकडे रॉनचं यंत्र. परत आले तर चरात पाणी भरायला लागलेलं. घाईनं फोटो काढले.

चर नऊ: काही नाही. चर दहा: काही नाही. मेंढ्या पडतील म्हणून डेसनं लगेच दोन्ही बुजवले. बेरिल फाटकाशी उभी राहून बघत होती. मी मान हलवली. ती हसली.

बरं वाटलं. बरं वाटायला नको होतं का? चर रिकामा निघाला याचा आनंद मला कधीपासून व्हायला लागला?

१८ ऑक्टोबर, शनिवार

घरी. कपडे धुवायला काढले. विजारीच्या खिशात खापर.

अंगठ्याएवढं. काळपट, मातीत शिंपल्याचा चुरा कालवलेला, हातानं थापलेलं, चाकावरचं नाही. सरी-वरंब्यांच्या आधीचं. नक्की आधीचं.

कुठे उचललं ते आठवायला वेळ लागला नाही. चर नऊ. बेरिलनं हाक मारली तेव्हा थापीच्या टोकाला लागलं, मी उपटलं, खिशात टाकलं आणि बन खायला गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगते आहे — आधी जागा टिपा, मग हात लावा.

ते वरच्या मातीत नव्हतं. पिवळ्या मातीत होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

कालपासून हेच. बुटाखाली दाबलं जाऊन आत गेलं असेल? बकेटनं सारवलं गेलं असेल? होतं असं. पण उपटताना चिकट आवाज आला होता, आणि जागी साचा राहिला होता, घट्ट, चहूबाजूंनी बसलेला. वरून दाबलेलं खापर असं बसत नाही. माती त्याच्याभोवती कालवलेली होती.

म्हणजे ती माती कोणीतरी आणून घातली होती. तिथलीच, चार पावलांवरून उचललेली, म्हणून रंग तोच, डाग तेच. म्हणजे मी मूळ जमिनीवर थांबले नव्हते. कोणाच्या तरी जमिनीवर थांबले होते. सारवलेल्या, चोपलेल्या. घराच्या.

आमच्या धंद्यातली ही ठरलेली चूक. नवशिके करतात, आणि थकलेले.

कोणाला माहीत नाही. चर बुजला. फोटोत चिखल दिसतोय. उन्हाळ्यात तिथे काँक्रीट पडेल. लिआनची मुलं त्यावर झोपतील.

खापर साबणाच्या बशीत ठेवलं आहे. आंघोळ केली नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

आमच्या साहेबाला, ग्रॅहमला, फोन करायच्या आधी बेरिलकडे गेले. क्रम चुकला, माहीत आहे.

सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मला का सांगतेस?"

"तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा —"

"खोटं. मी 'जाऊ दे गं' म्हणावं, नाहीतर 'कर बाई, तुझं काम आहे' म्हणावं. दोन्हींतलं काहीही चालेल तुला. म्हणजे तू सुटलीस."

ते खरंच होतं.

"चहा प्यायचा तर पी. पण हे माझ्या ओट्यावर ठेवू नकोस." खापर मी खरंच ओट्यावर ठेवलं होतं, ब्रेडच्या डब्याशेजारी. उचललं. आतून रॉननं विचारलं, "कोण आहे गं?" ती ओरडली, "कोणी नाही!"

दारापर्यंत आले तेव्हा पाठीमागून म्हणाली, "मला विचारलंस तर मी गाडून टाक म्हणेन. म्हणून विचारू नकोस."

गाडीत बसून ग्रॅहमला फोन केला. "खिशात? तुझ्या विजारीच्या खिशात?" मग मोठा उसासा. "तुझ्याजागी दुसरं कोणी असतं ना ब्रायनी, तर मी आत्ता निवांत सँडविच खात असतो." पण 'चर परत उघड' म्हणाला. तो वाईट माणूस नाही. तोही दमलाय, एवढंच.

डेसला सांगितलं. "एक खापर गं! एका खापरासाठी?" मग माझ्याकडे बघितलं आणि पोकलेन सुरू केलं.

मी का सांगितलं? खरं होतं म्हणून? की लपवलं असतं तर स्वतःकडे बघवलं नसतं म्हणून? दुसरं कारण असेल, तर बेरिलचं बरोबर आहे. मी फक्त स्वतःचंच बघितलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

चर नऊ परत उघडला. पाणी उपसण्यातच दिवस गेला. बेरिल दिसली नाही. किटली गाडीत आहे, पण आज दुकानातून चहा आणला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

घर आहे.

पिवळी माती वीतभरसुद्धा जाड नाही. खाली काळी राखट माती, हाडं, आणखी खापरं — तसलीच, शिंपल्याची. वरची पिवळी म्हणजे चोपलेली जमीन. मधोमध चूल — माती भाजून विटेसारखी लाल झालेली. पूर्वेच्या बाजूला उंबऱ्याशी खोलगट झिजलेलं. पायांनी. थापी फिरवताना तिथे हात आपोआप खाली गेला.

चर दोन्ही बाजूंनी रुंद केला. खोली एकच. बेरिलच्या खालच्या खोलीएवढी.

डेस काठावर उकिडवा बसला. "दोन पोरं असतील तर तंगच गं," म्हणाला. त्याला लिआनचं काही माहीत नाही. सहज बोलला.

मग कोणीतरी ठरवलं असेल, की आता इथे मोठं शेत करायचं, सलग, आठ बैलांचं. ही माणसं उठली. किंवा उठवली. कुठे गेली ते मातीत राहत नाही. घराच्या जागी बैल वळायला लागले. नंतर कोणीतरी ठरवलं, शेती पुरे, मेंढ्या पाळू. आता घरं. दर वेळी कोणीतरी ठरवतं, आणि दर वेळी चार पोरं घेऊन कोणीतरी निघतं. हे मी अहवालात लिहू शकत नाही. इथे लिहिते.

जिल्ह्याच्या पुरातत्त्व कचेरीतल्या बाई संध्याकाळी आल्या. उंबरा बघून गुडघ्यावरच बसल्या, चांगल्या कपड्यांनिशी. "वा," म्हणाल्या. "वा, वा." मलाही झालं होतं तसं, पहिला अर्धा तास. ते खोटं नाही. इतक्या वर्षांत असा उंबरा मला मिळाला नव्हता.

८ नोव्हेंबर, शनिवार

गावकऱ्यांना बघायला बोलावलं. समितीनं तंबू ठोकला, केक, सोडत, पताका! मिस्टर ऑलिफंट चुलीपाशी उभे राहून बोलले — "हे आपले पूर्वज! या गावचे पहिले रहिवासी! यांचा वारसा जपणं हे आपलं कर्तव्य!" टाळ्या. ऑलिफंट निवृत्तीनंतर इथे राहायला आले.

बेरिल आली. लिआन आणि मुलं बरोबर. लिआन रात्रपाळी करून तशीच आलेली, उभ्या उभ्या डोळे मिटत होते. मी उंबरा दाखवला. ती म्हणाली, "छान आहे," आणि खरंच वाकून बघितलं. माझ्याशी नीट बोलली. म्हणजे बेरिलनं तिला सांगितलं नाही, सगळं कशावरून सुरू झालं ते.

तिची धाकटी दोरीखालून आत शिरली आणि चुलीशेजारी मांडी घालून बसली.

ऑलिफंट लगबगीनं गेले. "बाळा, तिथे नाही हं. ते आपल्याला जपायचंय."

"बसू दे की," बेरिल म्हणाली. मोठ्यानं. "इतक्या वर्षांनी कोणीतरी राहू दे त्यात."

लोक हसले. ती हसली नाही.

"आपले पूर्वज म्हणता. ही माझी पोरगी. या समोरच्या घरात जन्मली. तिच्यासाठी कधी तंबू ठोकलात?"

कोणीतरी म्हणालं, "पण बेरिल, तुझ्या खिडकीत तर फलक —"

"तुम्हीच लावलात तो. मी रॉनला घेऊन दवाखान्यात गेले होते!"

पताका फडफडत होत्या. मग एक बाई म्हणाल्या, लिंबाचा केक अजून शिल्लक आहे, आणि सगळे सुटल्यासारखे तंबूकडे वळले. डेस तेवढा गेला नाही. त्यानं धाकटीला दोरीवरून उचललं आणि पोकलेनच्या सीटवर बसवलं. नंतर माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "तू हे माहीत असताना सांगितलंस?"

हो म्हटलं.

तो परत धाकटीकडे गेला.

२ डिसेंबर, मंगळवार

अहवाल. शिफारस लिहायची आहे. दोन रस्ते. एक: पूर्ण खणून काढा, नोंदी करा, मग खुशाल बांधा. दुसरा: जागच्या जागी राखा, वर काही बांधू नका.

पहिला लिहिला. कारणंही दिली — कोपरा ओला आहे, आता उघडा पडलाय, मातीत ठेवला तर सडेल, खणला तर निदान कळेल. सगळी कारणं खरी आहेत. तीनदा वाचली. पण बेरिलची लिआन नसती, तर मी हेच लिहिलं असतं? माहीत नाही. पूर्वी मला हे माहीत असायचं.

संध्याकाळी टोस्टवर बीन्स. उभ्यानंच खाल्लं.

२२ जानेवारी, गुरुवार

ग्रॅहमचा फोन, खुशीत. "शाबास! कोपरा राखला. कचेरीच्या बाईंनी तुझी शिफारस बाजूला ठेवली — इतका चांगला उंबरा खणून टाकायचा नाही म्हणाल्या. हिरवी जागा सोडणार, बाक, माहितीची पाटी. पाटीवर तुझं नाव घालायचं का विचारतायत."

"आणि तिथली नऊ घरं?"

"ती बसत नाहीत म्हणे आता. दुसरीकडे हलवली तर बांधकाम कंपनीला परवडत नाही, आणि पालिकेनं ते मान्य केलंय."

"एकही नाही?"

"एकही नाही. बाकीची सगळी होणार."

म्हणजे शेत जाणारच. ऑलिफंटना वाटत होतं, आपण जिंकलो. तेही हरले. फक्त एक रिकामी खोली वाचली.

पाटीवर नाव नको म्हटलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तारेचं कुंपण आणि पेट्या आणायला परत बेरिलच्या गावी, हॅलोबीला. एकटीच. फाटक आता नवं आहे, सहज उघडतं.

बेरिलच्या खिडकीत फलक नाही. दाराशी पाटी: घर विकले.

दार वाजवावं की नाही यात बराच वेळ गेला. तिनंच उघडलं. ओसरीत खोकी. "ये. बसायला काही नाही." रॉनचा पलंग आधीच गेला होता. जमिनीवर त्याच्या चार पायांच्या खुणा.

शहरात जातायत, लिआनजवळ. लिफ्ट असलेला फ्लॅट, रॉनला चालेल असा. घर विकून जे आलं त्यातूनच भाडं. "खिडकीतून मोटारींचा तळ दिसतो. रॉन म्हणतो, मेंढ्यांपेक्षा जास्त हलतात."

"घर कोणी घेतलं?"

"ऑलिफंटच्या जावयानं. शनिवार-रविवार यायला."

मी म्हटलं, बेरिल, मला — तिनं हात वर केला. "नको. तू म्हणशील आणि मग मला काहीतरी म्हणावं लागेल. मला खोकी बांधायची आहेत."

किटली परत द्यायला नेली होती. घासूनपुसून. तिनं हातात घेतली, फिरवून बघितली, परत माझ्या हातात दिली. "ठेव. तिकडे विजेची आहे. तुम्हा लोकांना कुठेतरी लागेलच."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१० मार्च, मंगळवार

नवं शेत. तीच माती. फाटकाशेजारच्या घरातून एक बाई आली, चहाला पाणी तापवून देऊ का म्हणाली. माझी किटली आहे, म्हटलं. नाव विचारलं नाही.

चर तीनमध्ये पिवळ्या मातीत एक खापर. अर्धं बाहेर. शिंपल्याच्या चुऱ्याचं.

अंगठ्यानं आत दाबलं. वरून थापी फिरवली.

चर तीन: काही नाही.